सेकंदाला आठ सूर

मोबाइलवर मेट्रोनोमचं एखादं फुकट अ‍ॅप उतरवा आणि आकडा ८४वर लावा. आता प्रत्येक 'टिक'मध्ये टेबलावर बोटांनी सहा टिचक्या मारून बघा. सगळ्या एकसारख्या, एकही पुढे-मागे नाही. ऑफिसात बसला असाल तर शेजारच्या क्युबिकलमधून डोकं वर येईल, त्याकडे दुर्लक्ष करा. जमतंय? आता दर टिचकीला बोटांची वेगळी जुळणी हवी. आणि दर टिचकीला जिभेचं टोक एका पातळ पट्टीला अगदी त्याच क्षणी लागलं पाहिजे, ना आधी ना नंतर. हे सगळं इतकं हळू आवाजात, की ऐकणाऱ्याला वाटावं, पऱ्या उडताहेत.

हिशोब सोपा आहे. ८४ गुणिले सहा म्हणजे मिनिटाला ५०४ सूर. सेकंदाला आठाहून थोडे जास्त. मेंडेल्सोनच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधलं स्केर्त्झो साधारण या चालीत, कधी याहूनही थोडं पुढे वाजतं. साहेबांनी शेक्सपिअरच्या या नाटकासाठी ओव्हर्चर लिहिलं १८२६मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी (आपण तेव्हा बारावीच्या क्लासच्या नोट्स झेरॉक्स करत होतो). उरलेलं संगीत प्रशियाच्या राजाच्या सांगण्यावरून १८४२मध्ये लिहिलं. तेव्हापासून जगभरचे क्लॅरिनेटवाले त्याच्या नावाने बोटं मोडताहेत, कारण कुठल्याही ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनच्या यादीत हा तुकडा असतोच असतो.

मला हे सगळं माहीत असायचं काहीच कारण नव्हतं. पण गेल्या पावसाळ्यात माहीमच्या आमच्या दोन खोल्यांत सहा आठवडे दुसरं काही ऐकूच आलं नाही. माझी फ्लॅटमेट दिवसा एका बँकेच्या ऑपरेशन्समध्ये लोकांचे अडकलेले पैसे सोडवते आणि संध्याकाळी सात ते नऊ क्लॅरिनेट वाजवते. सात ते नऊ ही वेळ सोसायटीच्या सेक्रेटरींनी लेखी दिलेली आहे, तो कागद आमच्या फ्रिजवर लावलाय. बाई मूळच्या मडगावच्या. चर्चमध्ये सॉल्फेज शिकलेल्या. आजोबा मुंबईत हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवायचे. नव्वदच्या दशकात सिंथेसायझर आले आणि स्टुडिओतल्या खुर्च्या भराभर रिकाम्या झाल्या, तेव्हा ते गावी परतले. वाद्य मात्र विकलं नाही. तेच हिच्याकडे आलं.

आपल्याकडे क्लॅरिनेट म्हटलं की वरातच आठवते. लाल कोट, सोनेरी झालर आणि ट्रम्पेटच्या गोंगाटात सगळ्यांच्या वर नाचणारा तो किनरा सूर. बँडवाले त्याला 'क्लॅरोनेट' म्हणतात. घरी जुन्या तबकड्या असतील तर आजी-आजोबांना मास्टर इब्राहिम हे नाव विचारा. त्यांनी क्लॅरिनेटवर वाजवलेली सिनेमाची गाणी एका पिढीला पाठ होती. पण ऑर्केस्ट्रातलं क्लॅरिनेट हा वेगळाच प्राणी. मुंबईत त्याला खुर्च्याच मोजक्या. १९६२पासूनचा बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा, २००६मध्ये एनसीपीएने सुरू केलेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आणि आणखी काही छोटेमोठे ग्रुप. एखाद्या ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेट असतात दोन किंवा तीन. कंपनीत शंभर माणसं आणि त्यात दोनच पोस्ट, तीही कुणी सोडलं तर. त्यामुळे हिला एका ऑर्केस्ट्राकडून ऑडिशनचा मेल आला (नाव लिहू नकोस, असं बजावलंय), तेव्हा घरात शांतता पसरली. त्याच आठवड्यात बँकेने हैदराबादला बदली देऊ केली होती. पगार दीडपट, उत्तर दोन महिन्यांत.

ऑर्केस्ट्राची खुर्ची म्हणजे नोकरी नव्हे, दर कॉन्सर्टमागे मानधन. त्यावर माहीमचं भाडं निघत नाही. तरी ती म्हणाली, "आधी हे वाजवते. मग हैदराबादचं बघू."

आता तुम्ही म्हणाल, वेगात वाजवायचं म्हणजे भरपूर वेळा वाजवायचं, त्यात काय एवढं! मलाही हेच वाटायचं. पण क्लॅरिनेट हे मुळात जरा विचित्र वाद्य आहे. बासरी जोरात फुंकली की सा चा वरचा सा होतो, म्हणजे बोटं तीच, सप्तक वरचं. क्लॅरिनेटची नळी सरळ आणि एका टोकाला रीडने बंद. तिथे डाव्या अंगठ्याची चावी दाबली की सा चा एकदम वरच्या सप्तकातला प होतो. म्हणजे खालच्या मजल्यावरची बोटं वरच्या मजल्यावर वेगळेच सूर देतात. दोन मजल्यांच्या मध्ये एक जिना आहे, त्याला क्लॅरिनेटवाले 'ब्रेक' म्हणतात. तिथे एका बोटावर वाजणाऱ्या सुरावरून पुढच्या सुराला एकदम आठ बोटं खाली यावी लागतात. आठही एकाच क्षणी. एक जरी उशिरा पोचलं तरी वाद्य बदकासारखं ओरडतं. वेगवान ओळीत हा जिना दहा सेकंदांत तीन-चारदा चढायचा-उतरायचा.

यावर तोड आहे, आणि तिच्या सरांनी ती तिला लहानपणीच शिकवली होती. सर म्हणजे निवृत्त बँडमास्तर, सत्तरी ओलांडलेले, आवाज अजून परेड ग्राउंडचा. ते म्हणतात, "उजवा हात आधीच खाली ठेव. जिन्यावर पळताना कठडा सोडतं का कोणी?" जिन्याच्या अलीकडच्या सुरांना उजव्या हाताचं काही काम नसतं. तो झाकून ठेवला तरी सुरात फारसा फरक पडत नाही. मग पुढच्या सुराला आठाऐवजी चारच बोटं हलवायची. वेग म्हणजे बोटं जोरात हलवणं नव्हे, कमी हलवणं. ती आरशासमोर बसून वाजवायची ते यासाठीच. बोट चावीपासून एक सेंटीमीटर वर गेलं तर ते परत यायलाही वेळ लागणार!

दुसरी भानगड करंगळीची. काही सूर डाव्या करंगळीनेही वाजतात आणि उजव्याही. सोय वाटते ना? पण चुकीच्या बाजूने सुरुवात केलीत तर तीन सुरांनंतर एकाच करंगळीला एका चावीवरून दुसरीवर घसरत जावं लागतं, आणि मेट्रोनोम काही थांबत नाही. म्हणून पहिले दोन दिवस तिने वाजवलंच नाही. पेन्सिल घेऊन स्वरलिपीवर 'डा', 'उ', 'डा', 'उ' अशी अक्षरं लिहीत बसली. लोकलने दादरला उतरून सेंट्रलला जाणाऱ्याला कुठल्या डब्यात चढायचं ते आधीच माहीत असतं, तसंच हे.

मग सुरू झाला खरा रियाज. टेबलावर पाच रुपयांची पाच नाणी. मेट्रोनोम ५०वर. ओळ एकदा स्वच्छ वाजली की एक नाणं डावीकडून उजवीकडे. पाचही उजवीकडे गेली की वेग दोनाने वर. मध्ये एक जरी सूर घसरला की सगळी नाणी परत डावीकडे! चार नाणी पलीकडे गेल्यावर पाचव्याला जे काही होतं ते बघवत नाही. मी आतल्या खोलीत लेखाची डेडलाइन सांभाळत बसलेली असायचे आणि शांततेवरूनच कळायचं, गेली नाणी परत. एकदा आमच्या कामवाल्या मावशींनी ती नाणी दुधाच्या पैशांत मिळवून टाकली. तो दिवस बुडाला.

पण या शिडीत एक गोची आहे, आणि हे मला फार इंटरेस्टिंग वाटलं. हळू वाजवताना हात जे करतात तेच वेगात करत नाहीत. चालणं भरभर केलं की त्याचं धावणं होत नाही, धावण्याची ढबच वेगळी. त्यामुळे फक्त शिडी चढत गेलं की ७०च्या आसपास माणूस अडकतो. ती नेमकी ७२ला अडकली आणि चार दिवस तिथेच. सर आले, चहा घेतला आणि म्हणाले, पूर्ण ओळ बंद. आता चारच सूर, पण पूर्ण वेगात. वाजवा, थांबा. पुढचे चार, वाजवा, थांबा. मग चाराचे सहा. मग ओळीच्या शेवटून सुरुवात: शेवटचे चार सूर, मग त्याआधीचे चार जोडून आठ, असं उलटं मागे येत. यात होतं काय, की ओळ पुढे सरकते तसतसं तुम्ही जास्त पाठ असलेल्या भागात शिरता. नेहमी उलट होतं. सुरुवात हजारदा वाजलेली असते आणि शेवटाला फेफे उडते. (प्रेझेंटेशनच्या शेवटच्या पाच स्लाइड्स आठवा.)

आणि जीभ. बोटांचं सगळं कौतुक झालं तरी या तुकड्यात माणसं अडकतात ती जिभेपाशी. सुटे सूर असले की दर सुराला जिभेने रीडला अलगद स्पर्श करायचा आणि फुंक मात्र अखंड ठेवायची. बहुतेकांची चूक अशी, की जिभेबरोबर फुंकही तुटते. नळाखाली बोट आडवं फिरवल्यासारखं हवं, नळ बंद-चालू केल्यासारखं नको. डॅनिएल बोनाद नावाचे फ्रेंच वादक अमेरिकेत फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात होते, तिथल्या क्लॅरिनेटवाल्यांची अख्खी पिढी त्यांनी घडवली. त्यांचा एक व्यायाम आहे: सूर वाजला की जीभ रीडवर ठेवून तो थांबवायचा आणि त्या शांततेत पुढच्या सुराची बोटं आधीच लावून ठेवायची. मग जीभ उचलली की सूर तयार! हळूहळू ती शांतता आखूड करत न्यायची. आमच्या घरात तीन आठवडे 'टुत्... टुत्... टुत्...' चाललं होतं. समोरच्या काकांनी विचारलंसुद्धा, "अगं, तुमच्याकडे पंप बिघडलाय का?"

वाजवायला दोनच तास, पण बोटांना वेळेचं बंधन नाही. सकाळच्या लोकलला लेडीज डब्यात ती छत्रीच्या दांड्यावर अख्खं स्केर्त्झो वाजवायची. एकदा एका बाईंनी शेवटी न राहवून विचारलं, कसला जप करतेस? ही म्हणाली, मेंडेल्सोनचा. बाईंनी मान डोलावली.

आता थोडं शास्त्र, कारण मला हे वाचताना मजा आली. दहा हजार तासांचा फंडा आपण सगळ्यांनी ऐकलाय. माल्कम ग्लॅडवेलच्या २००८च्या पुस्तकाने तो घराघरांत नेला. ज्यांच्या संशोधनावर तो बेतला होता त्या अँडर्स एरिक्सन यांनाच तो अर्थ मान्य नव्हता, हे मात्र घराघरांत पोचलं नाही. टेक्सासमध्ये रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांनी १७ पियानो विद्यार्थ्यांना शोस्टाकोविचचा एक छोटा तुकडा बसवायला दिला आणि दुसऱ्या दिवशी वाजवून घेतला. २००९मध्ये निष्कर्ष छापून आले. कोण किती मिनिटं बसला, कोणी किती वेळा वाजवलं याचा क्रमवारीशी काही संबंध नव्हता. वरच्या नंबरांतल्यांनीही चुका केल्या होत्याच. पण चूक नेमकी कुठे झाली ते ते लगेच शोधायचे, तिथेच वेग कमी करायचे आणि ती पुन्हा होऊ द्यायचे नाहीत. बाकीचे चुकलं की पुन्हा पहिल्यापासून! आपण सगळे हेच करतो, नाही का?

दुसरा अभ्यास तर थेट क्लॅरिनेटवाल्यांवरचाच. क्रिस्टीन कार्टर आणि जेसिका ग्रान यांचा, २०१६चा. दहा वादकांना दोन पद्धतींनी रियाज करायला लावला. एका पद्धतीत एक तुकडा सलग १२ मिनिटं, मग दुसरा १२ मिनिटं. दुसऱ्या पद्धतीत तीन-तीन मिनिटांनी आलटून पालटून, वेळ एकूण तितकीच. नंतर रेकॉर्डिंग ऐकणाऱ्या व्यावसायिक वादकांच्या गुणांत अदलाबदल करून केलेल्या रियाजाचं पारडं काहीसं जड निघालं. कारण कळायला सोपं आहे. एकच गोष्ट सलग घोटली की दहाव्या मिनिटाला ती मस्त येते, पण त्या वेळी मेंदू काम करतच नसतो, मागच्याच फेरीची कॉपी मारत असतो. दर तीन मिनिटांनी परत आलं की दर वेळी नव्याने आठवावं लागतं. आणि ऑडिशनला तर नव्यानेच वाजवायचं असतं. तिथे पाच नाणी नसतात. एक संधी, तीही गार हातांनी.

म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत नाणी डब्यात गेली आणि माझी ड्यूटी सुरू झाली. यादीतल्या तुकड्यांच्या चिठ्ठ्या एका वाडग्यात: मोझार्टच्या कॉन्चेर्टोची सुरुवात (१७९१, मृत्यूच्या दोनेक महिने आधी पुरा केलेला), बीथोवनच्या सहाव्या सिम्फनीतला एक सोलो, प्रोकोफिएव्हच्या 'पीटर अँड द वुल्फ'मधली झाडावर चढणारी मांजर आणि आमचं लाडकं स्केर्त्झो. मी कधीही, भाजी चिरतानासुद्धा, चिठ्ठी काढायची आणि ती एकदाच वाजवणार. तेही तीन मजले पळत चढून-उतरून आल्यावर, म्हणजे ऑडिशनला उडते तशी छाती आधीच उडत असली पाहिजे. मी मोबाइलवर रेकॉर्ड करायचे. ती ऐकायची, आणि मी? मला सगळंच छान वाटायचं, म्हणून माझं मत विचारलं जात नसे. शेवटच्या आठवड्यात मात्र मला फरक कळू लागला. आधी ऐकताना मी श्वास धरून बसायचे, नंतर कांदा चिरणं थांबेना.

मध्ये पाऊस होताच. रीड म्हणजे एका जातीच्या गवताची पट्टी. दमट हवेत ती फुगते, वाकते, सकाळी गाणारी रीड संध्याकाळी घोगरी होते. तिने चार रीड्सना १ ते ४ नंबर दिले होते, रोज आलटून पालटून, घट्ट झाकणाच्या डब्यात. आदल्या दिवशी २ नंबर फाटली. धोबी तलावच्या फुर्ताडोमधून आणलेलं नवं पाकीट कपाटात होतं, पण नवी रीड ऑडिशनला कोण नेतं? ३ नंबर गेली. लोक केळं खातात, काही जण डॉक्टरांकडून थरथर थांबवायची गोळी लिहून घेतात. हिला बालदमा होता, त्या गोळीची दम्याशी गाठ धोकादायक, त्यामुळे तो प्रश्नच नव्हता. केळं खाल्लं.

ऑडिशनला पडदा होता. वाजवणारा पडद्याच्या एका बाजूला, परीक्षक दुसऱ्या, बोलायचं नाही. १९५२मध्ये बोस्टन सिम्फनीने ही पद्धत सुरू केली आणि नंतर तिथल्या बहुतेक मोठ्या ऑर्केस्ट्रांनी उचलली, म्हणजे कोण, कुठला, बाई की बाप्या, काही कळू नये. पुढे तर गालिचाही आला, कारण टाचांच्या आवाजावरून बाई ओळखू यायची! आपल्या अप्रेझललाही एखादा पडदा लावायला काय हरकत आहे, असं मला फार वाटतं. असो. ती साडेसात मिनिटं आत होती. मी बाहेर जिन्यावर. दाराआडून स्केर्त्झो ऐकू आलं, आणि ते ८४ नव्हतं, नक्की जास्त होतं. मला घाम फुटला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "पडद्यामागून कोणीतरी टिचकीने चाल दिली, ८८ची." मग? "मग काय. वाजलं."

निकाल दहा दिवसांनी आला. कायमची खुर्ची दुसऱ्याला. हिचं नाव बदली वादकांच्या यादीत पहिलं, आणि पुढच्याच कॉन्सर्टला सेकंड क्लॅरिनेटला बोलावणं. त्या रात्री ती बराच वेळ आईशी कोंकणीत बोलत होती, आणि मी टीव्हीचा आवाज उगाच मोठा ठेवला. सोमवारी तिने बॉसकडे हैदराबादसाठी तीन महिन्यांची मुदत मागितली. कारण विचारलं तेव्हा खरंच सांगितलं. बॉस दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले, "क्लॅरिनेट म्हणजे ते वरातीतलं?" मुदत मिळाली.

कॉन्सर्टची पानं परवा आली. मेंडेल्सोन नाहीच त्यात. सेकंड क्लॅरिनेटला पहिली ६२ मापं नुसती विश्रांती आहे, मग एक लांब, खालचा सूर, तोही अगदी हळू. सध्या रोज सात ते नऊ आमच्या घरात ती बोटांवर ६२पर्यंत मोजतेय. ४०च्या आसपास चुकते.